तालमीचा खुराक आणि रात्रीचा पेला



रात्रीचे साडेआठ वाजले कीं आमच्या घरीं एक लहानसा वाद उभा राहतो. माझा नातू त्या सुमारास व्यायामशाळेंतून घामानें भिजून परत येतो. त्याच्या पिशवींत एक मोठा डबा असतो. त्यांतील पांढरी भुकटी पाण्यांत ढवळून तो घटाघट पितो, आणि निजण्यापूर्वीं दुसऱ्या एका डब्यांतील दुसरी भुकटी घ्यावी असा त्याचा आग्रह असतो. त्याची आजी म्हणते, "अरे, या डब्यांच्या किंमतींत महिनाभराचें म्हशीचें दूध येईल. रात्रीं पेलाभर दूध पी आणि स्वस्थ नीज." नातू म्हणतो, "आजी, हें शास्त्र आहे. तुला कळायचें नाहीं." मग दोघेंही माझ्याकडे पाहतात. मी जन्मभर मास्तरकी केलेली. तेव्हां निकाल मीं द्यावा अशी उभयतांची अपेक्षा असते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. रसायनशास्त्राचा पंडित नव्हें. परंतु शाळेंत इतिहास शिकवीत असतां मला एक संवय लागली. कोणी एखादी गोष्ट ठामपणें सांगूं लागला कीं ती प्रथम कोणीं सांगितली, कशावरून सांगितली आणि पुढें ती कसोटीस उतरली कीं नाहीं, हें शोधीत बसावें. श्रमानंतर आणि झोपेपूर्वीं काय खावें या साध्या प्रश्नालाही असाच दीर्घ इतिहास आहे. या प्रश्नाशीं माझा स्वतःचाही एक जुना आणि कांहींसा लाजिरवाणा संबंध आहे. म्हणूनच आजच्या भाषणासाठीं मीं हा विषय निवडला.

माझें बालपण आणि नोकरीचा बहुतेक काळ कोल्हापूरच्या आसपास गेला. राजर्षि शाहू छत्रपति १८९४ सालीं गादीवर आले. १९२२ सालीं त्यांचें निधन झालें. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनीं मल्लविद्येला जो आश्रय दिला त्यामुळें कोल्हापूर हें कुस्तीचें माहेरघर बनलें. खासबागेचें विख्यात मैदान १९१२ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत पुरें झालें. गांवोगांवचे होतकरू पठ्ठे शहरांतील तालमींत येऊन राहूं लागले. पहाटे आणि संध्याकाळीं अशी दोन वेळां मेहनत करावयाची, हौद्यांतील तांबडी माती अंगास लावावयाची, आणि मेहनत संपली कीं खुराक घ्यावयाचा, असा त्यांचा नित्यक्रम असे.

खुराक म्हणजे नुसतें जेवण नव्हे. दूध, तूप, बदाम, खारीक, कुंडींत घोटलेली थंडाई, आणि ज्यास चालेल व परवडेल त्यास मटण व अंडीं, असा तो सारा थाट असे. कोल्हापुरांत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून तें फेसाळ, कोमट दूध पेल्यांत भरून देण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. वस्ताद सांगत कीं, मेहनतीनें अंगांत उष्णता वाढते आणि दूध तिला शांत करतें. रात्रीं दूध पिऊन झोपलेल्या पठ्ठ्याचें अंग भरतें. आपल्या वैद्यकाचाही दुधावर लोभ आहे. मात्र दही रात्रीं खाऊं नये, असा दंडक चरकसंहितेनें घालून दिलेला आहे, आणि तो आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका आजतागायत पाळीत आल्या आहेत.

हा खुराक स्वस्त कधींच नव्हता. दरबाराचा आश्रय होता तोंवर चांगल्या पठ्ठ्याच्या पोटाची चिंता संस्थान वाहत असे. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि तो आधार सुटला. खुराकाचा बोजा पठ्ठ्याच्या आईबापांवर, फार तर गांवावर येऊन पडला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. त्या प्रवासाचा खर्चसुद्धां लोकांकडून पैसा गोळा करून भागवावा लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यामुळें "ज्याच्या दारांत म्हैस त्याचाच पोरगा पैलवान" ही समजूत आमच्या भागांत पक्की झाली.

आतां माझी गोष्ट सांगतों. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीं मी एका खेड्यांतील शाळेवर होतों. सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. बाप वीटभट्टीवर मजुरी करी. मुलगा अंगानें काटक, पायानें चपळ. शाळेच्या मैदानांत आपल्याहून मोठ्या मुलांना सहज लोळवीत असे. एके दिवशीं तो भीतभीत म्हणाला, "गुरुजी, मी संध्याकाळीं तालमींत जाऊं काय?" मीं त्याला विचारलें, "घरीं म्हैस आहे?" तो नाहीं म्हणाला. "बदाम, तूप, अंडीं?" तो खालीं पाहूं लागला. मीं अगदीं कळकळीनें त्याला सांगितलें, "बाळ, मेहनत केली म्हणजे अंगाचें मांस झिजतें. तें भरून काढण्यास खुराक लागतो. तो नसेल तर तालीम म्हणजे शरीराचा नाश. त्यापेक्षां अभ्यास कर." मुलगा आज्ञाधारक होता. तो तालमींत गेला नाहीं.

मुलाचें हित केलें असें मला त्या वेळीं खरोखरच वाटलें. "श्रमानें मांस झिजतें" हें वाक्य मीं जुन्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत वाचलें होतें आणि तालमीच्या वस्तादांच्या तोंडूनही ऐकलें होतें. पुस्तक आणि वस्ताद एकच सांगतात तेव्हां तें सत्यच असणार, असें मीं धरून चाललों. तें वाक्य प्रथम कोणीं सांगितलें हा प्रश्न त्या दिवशीं मला पडला नाहीं. पडावयास हवा होता.

तें शोधण्यासाठीं आपणांस युरोपांत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जावें लागेल. अंड्याचा पांढरा बलक, दुधाचा चोथा, रक्त आणि गव्हांतील चिकट भाग यांचें पृथक्करण करीत असतां मुल्डर नांवाच्या डच रसायनज्ञास या साऱ्यांचें घटक जवळजवळ सारखे आढळले. कर्ब, उज्ज व प्राण यांखेरीज त्यांत नत्रही होता. १८३८ सालीं स्वीडनचे थोर रसायनज्ञ बर्झेलियस यांनीं त्यास पत्रानें सुचविलें कीं, या द्रव्याला "प्रोटीन" म्हणावें. या नांवाच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ "पहिल्या प्रतीचा, अग्रस्थानचा" असा आहे. आपला "प्रथिन" हा शब्दही तोच भाव आणि बराचसा तोच ध्वनि राखून आहे. पूर्वीच्या पुस्तकांत याच वर्गाला नत्रयुक्त पदार्थ म्हणत. नांवांतच पहिला मान मिळाल्यावर त्या द्रव्याची प्रतिष्ठा वाढावी यांत नवल नाहीं.

ही प्रतिष्ठा शिखरास नेली ती जर्मन रसायनज्ञ लीबिग यानें. १८४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें असा सिद्धांत मांडला कीं, स्नायु जेव्हां काम करतो तेव्हां तो स्वतःचेंच प्रथिन मोडून खर्च करतो. पिष्ट व स्निग्ध पदार्थ केवळ अंगांत ऊब राखण्याच्या उपयोगाचे. अर्थात् जितके श्रम अधिक तितकें मांस अधिक झिजणार, आणि तितकेंच प्रथिन खाऊन तें भरून काढावें लागणार. मीं त्या मुलाला सांगितलेलें वाक्य हेंच होतें. लीबिगचें नांव मोठें, त्याचे शिष्य देशोदेशीं पसरलेले. त्यामुळें त्याचें मत पाठ्यपुस्तकांत शिरलें तें चटकन निघालें नाहीं.

याच लीबिगच्या नांवानें १८६५ सालीं लंडनमध्यें एक कंपनी स्थापन झाली. दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशांत फ्राय बेंटोस येथें तिचा कारखाना होता. तेथें गुरांच्या मांसापासून दाट अर्क काढून तो बरण्यांत भरून विकीत. किलोभर अर्कासाठीं सुमारे ३० किलो मांस लागे. पौष्टिक म्हणून तो अर्क युरोपांत अतोनात खपला. परंतु गंमत अशी कीं, अर्क काढण्याच्या कृतींत मांसाचें प्रथिन बहुतेक सारें चोथ्यांतच राहून जाई, आणि बरणींत उतरे तो मुख्यतः क्षार व चव. ज्या प्रथिनाचा लीबिगनें एवढा गौरव केला तेंच त्याच्या नांवाच्या बरणींत जवळजवळ नव्हतें. अन्नाऐवजीं डबा विकत घेण्याचा मोह आजचा नाहीं, हें माझ्या नातवानें ध्यानांत ठेवावें.

योगायोग असा कीं, त्याच १८६५ सालीं लीबिगच्या सिद्धांताची कसोटी झाली. फिक हा शरीरशास्त्रज्ञ आणि विस्लिसेनुस हा रसायनज्ञ, असे झुरिकचे दोन प्राध्यापक ३० ऑगस्ट रोजीं पहाटे ब्रिएंझ सरोवराच्या कांठून फाउलहॉर्न नांवाचा डोंगर चढावयास निघाले. सरोवरापासून शिखर १९५६ मीटर उंच आहे. आदल्या दिवसापासून दोघांनींही प्रथिनाचा पदार्थ वर्ज्य केला होता. पिठाच्या सत्वाच्या, चरबींत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा यांवरच मुख्यतः त्यांनीं तो डोंगर चढला. सर्व वेळ ते आपलें मूत्र मोजून जपून ठेवीत होते; कारण शरीरांत प्रथिन जितकें मोडतें त्या मानानें नत्र मूत्रावाटें बाहेर पडतो. विद्वान माणसांनीं शास्त्रासाठीं काय काय करावें, पहा.

हिशोब केला तेव्हां प्रत्येकाच्या शरीरांत सुमारे ३७ ग्रॅम प्रथिन खर्चिलें गेलें असें निघालें. पुढच्याच वर्षीं फ्रँकलंड या इंग्रज रसायनज्ञानें निरनिराळे खाद्यपदार्थ यंत्रांत जाळून त्यांपासून किती उष्णता निघते तें मोजलें. तेव्हां उघड झालें कीं, तेवढ्या प्रथिनापासून निघणारी शक्ति, नुसतें शरीर डोंगरावर चढवून नेण्यास जी शक्ति लागली तिच्या सुमारे निम्मीच होती. हृदयाचें व श्वासाचें काम तर वेगळेंच. उरलेली शक्ति अर्थातच त्या पिठाच्या वड्यांनीं आणि चरबीनें पुरविली होती. तात्पर्य, गाडी इंधनावर चालते, स्वतःच्या चाकांचें लोखंड जाळून नव्हे. श्रमाचें इंधन म्हणजे भात, भाकरी, गूळ, तेल, तूप. प्रथिनाचें काम इंजिनाची दुरुस्ती करण्याचें व तें वाढविण्याचें. हें काम महत्त्वाचें खरें, परंतु तें निराळें आहे. म्हणजे माझें वाक्य मी बोलण्याच्या शंभराहून अधिक वर्षें आधींच खोटें ठरलेलें होतें.

मोठ्या माणसाचें मत मात्र एका डोंगरानें मोडत नाहीं. जर्मनींत फॉइट या पंडितानें कष्टकरी मनुष्यास दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिन पाहिजे असा आंकडा ठरवून दिला आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. उलट अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनीं प्राध्यापक, सैनिक व खेळाडू अशा तीन वर्गांना महिनोगणती त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनावर ठेवलें, आणि त्यांची ताकद घटली तर नाहींच, उलट वाढली, असें १९०४ सालीं प्रसिद्ध केलें. या वादाला आपल्या देशांत एक कडवट वळण लागलें. कलकत्त्याचे मॅके या डॉक्टरांनीं १९१२ सालच्या आपल्या पुस्तकांत असें प्रतिपादिलें कीं, बंगाली माणूस प्रथिन कमी खातो म्हणून दुबळा, आणि शीख अधिक खातो म्हणून बळकट. राज्यकर्त्यांना असा निष्कर्ष सोयीचा असतो. दारिद्र्य, हिंवताप आणि उपासमार यांचा विचार मग करावा लागत नाहीं.

पुढें निलगिरीवर कुन्नूर येथें मॅकॅरिसन यांनीं भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना खाऊं घालून प्रसिद्ध प्रयोग केला. शिखांचा आहार खाणारे उंदीर सर्वांत वजनदार भरले. त्यांच्या खालोखाल पठाणांच्या, आणि मग आपल्या मराठ्यांच्या आहारावरील उंदरांचा क्रम लागला. सर्वांत हलके ठरले ते मद्रासकडील भाताच्या आहारावरचे. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, शिखांचा आहार म्हणजे केवळ प्रथिन नव्हे. न चाळलेल्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजीपाला आणि क्वचित् मांस असा तो सर्वांगांनीं भरलेला आहार होता. एका द्रव्यानें शरीर बनत नाहीं, हा त्या उंदरांचा धडा. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस गेली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ती नांवारूपास आलेली आहे.

आतां आपण नातवाच्या डब्यापाशीं येऊं. श्रीखंडासाठीं दही फडक्यांत टांगतात हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. फडक्यांत चक्का राहतो आणि खालीं पाणी ठिबकतें. दुधाच्या प्रथिनांचे मुख्य भाग दोन. शेंकडा ऐंशी भाग केसीनचा. तो विरजल्यावर घट्ट होऊन चक्क्यांत राहतो. उरलेला वीस भाग बहुतांशीं त्या पाण्यांत उतरतो. युरोपांत चीज करतांना निघणारें असलें पाणी पूर्वीं डुकरांना पाजीत किंवा सरळ ओतून देत. पुढें तेंच गाळून, सुकवून त्याची भुकटी करण्याची युक्ति साधली. नातवाचा पहिला डबा या पाण्याच्या भुकटीचा, आणि झोपण्यापूर्वींचा दुसरा डबा केसीनचा.

दोन डबे कां? त्याचें मूळ १९९७ सालच्या एका फ्रेंच प्रयोगांत आहे. बुआरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गायीला खूण केलेलें एक अमिनो आम्ल देऊन तिच्या दुधाच्या प्रथिनांतच ती खूण उतरविली, आणि मग तीं दोन्ही प्रथिनें माणसांना निरनिराळीं पाजून रक्तांत त्या खुणेचा माग काढला. पाण्यांतील प्रथिन चटकन पचून रक्तांत उसळी घेतें आणि लवकर ओसरतें. केसीन पोटांत घट्ट होतें आणि कित्येक तास हळूहळू झिरपत राहतें. यावरून व्यायाम संपतांच पहिलें घ्यावें आणि रात्रभराच्या उपवासासाठीं दुसरें, हा विचार पुढें आला.

झोपेतील प्रयोगांचें श्रेय मुख्यतः नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांस आहे. २०१२ सालीं त्यांनीं सोळा तरुणांकडून रात्रीं आठच्या सुमारास वजनाचा व्यायाम करून घेतला. व्यायामानंतर सर्वांनाच प्रथिन दिलें. निजण्यापूर्वीं अर्धा तास निम्म्यांना ४० ग्रॅम केसीन आणि निम्म्यांना नुसतें पेय दिलें. केसीन घेतलेल्यांच्या स्नायूंत रात्रभरांत नवें प्रथिन बनण्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनीं अधिक आढळला. झोपेंतही पोट पचनाचें काम करतें आणि स्नायु तें अन्न उपयोगांत आणतात, हें यावरून ठरलें. आतां हिशोब करा. म्हशीच्या लिटरभर दुधांत जवळजवळ ४० ग्रॅम प्रथिन असतें, आणि त्याचा मोठा भाग केसीनचाच. रात्रीं लिटरभर दूध पिऊन निजणारा कोल्हापूरचा पठ्ठ्या नकळत याच प्रमाणास पोंचला होता. वस्तादानें सांगितलेलें उष्णतेचें कारण येथें कोणीं तपासलें नाहीं. पण त्याची संवय कसोटीस उतरली.

येथेंच थांबलों तर आजीचा विजय झाला असें म्हणतां येईल. परंतु इतिहास याच्या पुढेंही गेला. २०१५ सालीं त्याच संशोधकांनीं ४४ तरुणांना बारा आठवडे व्यायाम देऊन निम्म्यांना रोज झोपतांना प्रथिन पाजलें. त्यांची ताकद व स्नायु अधिक वाढले. मात्र दिवसभरांत मिळून त्यांनीं प्रथिनही पुष्कळ अधिक खाल्लें होतें. तेव्हां फायदा रात्रीच्या वेळेचा कीं एकूण प्रमाणाचा, हें त्यावरून ठरेना. त्याआधीं, २०१३ सालीं, शोनफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं अनेक प्रयोग एकत्र पडताळून पाहिले होते. एकूण प्रमाण सारखें धरलें असतां व्यायामानंतर ताबडतोब खाण्याचा वेगळा असा लाभ उरत नाहीं, असें त्यांना दिसलें. २०१८ सालीं ४९ प्रयोगांचा असाच आढावा निघाला. शरीराच्या दर किलो वजनामागें दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनापलीकडे गेल्यास स्नायु अधिक वाढत नाहींत, असें त्यांत आढळलें. आणि २०२३ सालीं मास्ट्रिख्टच्याच लोकांनीं सहनशक्तीच्या व्यायामानंतर रात्रीं दोन्ही भुकट्या पाजून पाहिल्या, तेव्हां चटकन पचणारी आणि हळू पचणारी यांच्या परिणामांत फरक आढळला नाहीं. दोन डब्यांची गरज येथेंच फिटली.

सारांश असा. व्यायाम न करणाऱ्या प्रौढ माणसास आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं दर किलोमागें दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितलें आहे. कसून मेहनत करणाऱ्यास त्याच्या दीडपट ते दुप्पट पुरे. हें दिवसाच्या तीन-चार खाण्यांत वांटून घ्यावें, आणि त्यांतील एक वांटा रात्रीच्या जेवणांत किंवा निजण्यापूर्वीं असावा. तो दुधाचा, अंड्यांचा, पनीरचा, माशांचा, डाळीचा कीं फुटाण्यांचा, हें ज्यानें त्यानें आपल्या पोटास व खिशास विचारून ठरवावें. भुकटी हें वाईट नाहीं. ज्याला वेळ नाहीं आणि पैसा आहे त्याला ती सोयीची आहे. परंतु ती दुधाहून थोर नाहीं, कारण ती दुधाचाच एक भाग आहे. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनीं मात्र प्रथिन वाढविण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं एका जत्रेच्या मैदानांत मला तो वीटभट्टीवाल्याचा मुलगा भेटला. आतां त्याचे केस पिकले आहेत. बाजारांत हमाली करतो. त्यानें वांकून नमस्कार केला आणि तेरा वर्षांच्या आपल्या नातीला पुढें केलें. मुली आतां कुस्ती खेळतात. ही मुलगी त्याच दिवशीं एक कुस्ती जिंकून आली होती. तो म्हणाला, "गुरुजी, म्हैस अजून नाहीं. पोरगी ऐकत नाहीं. हिला काय खाऊं घालूं?" त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. त्याला ती जुनी गोष्ट आठवत होती कीं नाहीं, हेंही मला कळलें नाहीं. मला मात्र ती पुरती आठवली.

मीं त्याच्या शेजारीं बसून कागदावर हिशोब मांडला. मुलगी चाळीस किलोची. तिला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिन पाहिजे. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून तीस ग्रॅम येतें. चाळीस ग्रॅम डाळीचें वरण नऊ ग्रॅम देतें. चाळीस ग्रॅम शेंगदाणे दहा ग्रॅम. एक अंडें सहा. रात्रीं निजतांना पाव लिटर दूध नऊ. एकूण चौसष्ट. ज्वारींत जो घटक उणा असतो तो डाळ पुरविते, म्हणून भाकरी आणि वरण यांची जोडी मोडूं नये. दूध एखादे दिवशीं मिळालें नाहीं तर मूठभर फुटाणे वाढवावेत. भाकरी पोटभर द्यावी, कारण मेहनतीचें खरें इंधन तीच. तो कागद त्यानें घडी करून खिशांत ठेवला. "एवढेंच?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "एवढेंच. हें मीं तुला तेव्हांच सांगावयास हवें होतें."

त्याची नात अजून तालमींत जाते. आमच्या घरीं नातवाचा पहिला डबा संपेपर्यंत तो चालूं द्यावयाचा, दुसरा आणावयाचा नाहीं, आणि रात्रीं दुधाचा पेला घ्यावयाचा, असा तह झाला आहे. आजीनें तहावर सही केली; मात्र दही रात्रीं मिळणार नाहीं, हें कलम तिनें आपल्या बाजूनें घालून घेतलें. आपल्यांपैकीं कोणाच्या ओळखींत खुराक परवडत नाहीं म्हणून तालीम सोडूं पाहणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना एकदां कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब मांडून दाखवावा, एवढीच माझी विनंति आहे.